काढायचं काय, टाकायचं कुठे

तलावाचं काम मंजूर झालं की गावात मजुरांच्या आधी कागद येतो : कामाचं अंदाजपत्रक. भंडारा जिल्ह्यात या अंदाजपत्रकाचं शीर्षक मराठीत असतं, आतल्या बाबी मात्र बहुतेक इंग्रजीत. त्या बाबींमध्ये एक क्रियापद सारखं भेटतं : रिमूव्ह. झुडपं रिमूव्ह करायची, गवत रिमूव्ह करायचं, गाळ रिमूव्ह करायचा, निघालेला कचराही रिमूव्ह करायचा. लाखांदूर तालुक्यातल्या एका ग्रामरोजगार सेवकाच्या हाती असे कागद वर्षानुवर्षं येत आहेत. मस्टर भरायचं, कामाची आखणी दाखवायची, मजुरांचे फोटो मोबाइलवरून चढवायचे आणि कागदात काय लिहिलंय ते लोकांना उमजेल असं सांगायचं, ही त्यांची नोकरी. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड, असं त्यांचं मत आहे.

कारण ‘काढा’ एवढं सांगून कुणी फावडं उचलत नाही. बेशरमीची झुडपं खणून काढतात. गाळ उपसतात. धानाच्या बांधीत रोवणीनंतर बाया निंदण करतात. जाळ्याला लागलेला पाला झटकतात आणि त्यात अडकलेली बारीक मासोळी निवडून घेतात. तलावाच्या पोटातलं अतिक्रमण हटवतात. मस्टरवरचं नाव कमी करतात. यातल्या प्रत्येक कामाचा हंगाम वेगळा, हत्यार वेगळं आणि कामाला लागणारा माणूसही वेगळा. बेशरमीला टिकास आणि सब्बल लागते, निंदणाला नुसती बोटं पुरतात. बोटांना मात्र धानाचं रोप आणि त्याच्यासारखाच दिसणारा सावा यांतला फरक कळावा लागतो.

‘रिमूव्ह’ या क्रियापदाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ ‘मागे सरकवणं’, ‘हलवणं’ असा आहे. वस्तू नाहीशी करणं हा अर्थ त्यात नाही. इंग्लंडमध्ये घर बदलताना सामान वाहून नेणाऱ्या कंपन्यांना आजही याच शब्दावरून नाव आहे. म्हणजे जे काढलं ते कुठेतरी गेलं, हे मुळात गृहीत आहे. तलावावर काम करणाऱ्यांना हा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. काढलेली वस्तू कुठे गेली यावर पुढच्या वर्षी तलावात पाणी किती राहील आणि मासोळी किती मिळेल हे ठरतं, एवढं त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंडराजांच्या काळात कोहळी समाजाने या भागात शेकडो तलाव बांधले. उतार पाहून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचं, जास्तीचं पाणी वाहून जायला सलंग काढायची आणि खालच्या बांध्यांमध्ये धान, ऊस पिकवायचा, अशी ती रचना. मोठा तलाव आणि त्याच्या आसपास शेतकऱ्यांच्या छोट्या बोड्या. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, 1951 पासून तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ ठरले. बोलण्यात त्यांचं ‘मामा तलाव’ झालं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. गोंदिया 1 मे 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे तलावांची ही परंपरा दोन्हींकडे सारखी आहे. लहान तलावांची देखरेख जिल्हा परिषदेकडे असते, मोठ्यांची पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आणि पाणी घेणारे शेतकरी निराळेच. एकाच तलावाचे इतके धनी. काय काढायचं याबद्दल प्रत्येकाचं म्हणणं वेगळं असतं, आणि अंदाजपत्रक लिहिताना त्यातल्या एखाद्याचंच ऐकलेलं असतं.

सगळ्यांचं एकमत होतं ते बेशरमीवर. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली ही वनस्पती, शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. फिकट जांभळट फुलांची, कुंपणाला सोयीची म्हणून ती सगळीकडे पसरली. जनावरं तिला तोंड लावत नाहीत आणि शेळ्यांनी सवयीने खाल्लीच तर त्या आजारी पडतात. पोकळ दांडा मोडला की पांढरा चीक येतो. दांड्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटू शकतात. चिखलात आडवा पडलेला हातभर तुकडा पावसाळ्यात नवं झुडूप उभं करतो. तलावाच्या उथळ काठावर तिचं रान माजलं की खाली सूर्यप्रकाश पोचत नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात, माशांना अंडी घालायला जागा उरत नाही आणि जाळं टाकायलाही वाट मिळत नाही.

आता कागद काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत झुडपं साफ करण्याची एक ठरलेली बाब आहे. माजलेली झुडपं, गवत आणि 30 सेंटीमीटर घेरापर्यंतची झाडं मुळांसकट काढावीत आणि निघालेला कचरा साफ केलेल्या जागेच्या हद्दीबाहेर 50 मीटरपर्यंत नेऊन टाकावा, असं ती सांगते. मातीकामाच्या बाबींचं वळणही असंच असतं : 50 मीटर लीड, दीड मीटर लिफ्ट. म्हणजे माती आडवी 50 मीटर वाहायची आणि दीड मीटर उंच चढवायची, तेवढ्याचा दर ठरलेला. त्यापुढच्या वाहतुकीला वेगळी बाब, वेगळी मंजुरी आणि वेगळा पैसा.

रस्त्याच्या कडेला 50 मीटर पुरतात. तलावात 50 मीटर म्हणजे बहुतेक वेळा तलावच. उन्हाळ्यात पाणी आटून मध्यावर गेलेलं असतं, उघड्या पडलेल्या पोटात बेशरम उभी असते, ती खणून 50 मीटरवर ढीग घातला की तो ढीग पाळीच्या आतल्या अंगाला किंवा गावाकडच्या काठावर येतो. मृगाच्या सरी पडल्या की ढिगातले ओले दांडे हिरवे होतात, आणि पाणी चढलं की सुटे तुकडे तरंगत पुन्हा आत जातात. काम मोजलं गेलेलं असतं, मजुरी मिळालेली असते, फोटोही चढलेला असतो. ऑक्टोबरात तलावाकडे बघणाऱ्याला मात्र इथे काही काम झालं होतं असं वाटत नाही.

लाखांदूरच्या या रोजगार सेवकाला हे आधी सांगितलं ते मस्टरवरच्या, धिवर या मासेमार समाजातल्या एका म्हाताऱ्या बाईने. ढिगाची जागा दाखवायला ते काठावर उभे होते तेव्हा मावशी म्हणाली, “भाऊ, पान्यापाशी टाकाल त पान्यातच येईल ते.” मग मजुरांनीच उपाय काढला. मुळं खोलवर खणायची, दांडे जागेवर कडक उन्हात वाळू द्यायचे, वाळून हलके झाले की भारे बांधून गावाबाहेरच्या पडीत बरडावर न्यायचे आणि पावसाआधी जाळून टाकायचे. ओला भारा दोघांना उचलत नाही, वाळलेला एक बाई डोक्यावर नेते. दरसूचीत या वाळवण्याला दर नाही. म्हणून काम एप्रिलच्या सुरुवातीलाच सुरू करायचं, म्हणजे वाळवण्याला वेगळी मजुरी लागत नाही, दिवस आपोआप मिळतात. मे महिन्याच्या शेवटी सुरू झालेल्या कामात ही सवड नसते आणि जून उजाडताच सगळं पाण्यात जातं.

गाळाची गोष्ट याहून नाजूक आहे. वरवर पाहता गाळ म्हणजे तलावाचं नुकसान, जितका जास्त काढू तितकं पाणी जास्त, असा हिशोब मनात येतो. जाणती माणसं असा हिशोब करत नाहीत. ती सब्बल घेऊन तलावाच्या पोटात उतरतात. वरचा थर काळा, भेगा पडलेला, सब्बल सहज आत जाते. हाच तो वाहून आलेला गाळ, धानाच्या बांधीला खताच्या तोलाचा. खाली गेल्यावर रंग बदलतो, माती चिकट आणि घट्ट लागते, सब्बल अडते. इथे थांबायचं. वर्षानुवर्षं बारीक माती बसून झालेला हा थर पाणी मुरू देत नाही, त्यामुळेच तलावात पाणी टिकतं. तो फोडला की खालच्या मुरमातून पाणी झिरपायला लागतं, आणि जो तलाव मार्चपर्यंत टिकायचा तो दिवाळीनंतरच उतरतो. आणखी एक गोष्ट. तुडुमाच्या तळाच्या पातळीखाली कितीही खोल खणलं तरी ते पाणी शेताला मिळत नाही, कारण ते पाटात चढणारच नाही. पाळीच्या पायथ्याशी खोल खड्डा केला तर पाळीलाच धोका. आणि पाळीवरचं जुनं झाड बुंध्याशी तोडलं तर आतली मुळं कुजतात, त्यांच्या पोकळीतून पाणी वाट काढतं. म्हणजे याच पाळीवर झुडूप मुळासकट उपटणं शहाणपणाचं आणि मोठं झाड तोडणं घातकी. ‘रिमूव्ह’मध्ये हा भेद बसत नाही.

मजुरीच्या मोजमापाचाही इथे संबंध येतो. रोजगार हमीचं मातीकाम घनमीटरवर मोजलं जातं. चौकोनी खड्डा आखून द्यायचा, मधे मातीचा खांब सोडायचा, म्हणजे खोली मोजता येते. मापाला सोपा पडतो तो खोल, नेमक्या कडांचा खड्डा. तलावाला हवा असतो तो पसरट, पातळ थर, वरच्या उताराला थोडा आणि मध्याला जास्त. पातळ थराचं माप घेणं तांत्रिक सहायकाला त्रासाचं आणि मजुराला तोट्याचं, कारण हातभर जागेत बसून खणण्यापेक्षा पसरून खणायला वेळ जास्त लागतो. म्हणून कितीतरी तलावांच्या पोटात उन्हाळ्यात गेलं की खड्ड्यांच्या रांगा दिसतात. पाणी उतरताना त्यांत मासे अडकतात, जनावरं पाय घसरून पडतात. दोष मजुराचा नाही. ज्याचे पैसे मिळतात तेच तो काढणार.

मग उपसलेला गाळ जातो कुठे? पूर्वी उन्हाळ्यात शेतकरी बैलबंड्या घेऊन तलावात उतरत आणि आपापल्या बांधीत गाळ नेऊन टाकत. तलाव साफ करणं आणि शेत कसदार करणं हे एकच काम होतं, त्याला योजनेचं नाव नव्हतं. मालगुजारी गेल्यावर तलाव आपला नाही, सरकारचा आहे, ही भावना आली, पाण्यावर कर लागला आणि बंड्या थांबल्या. 6 मे 2017 च्या शासन निर्णयाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली तेव्हा तोच जुना धागा पुन्हा हाती घेतला गेला : गाळ शेतकऱ्याला फुकट, वाहतूक त्याची, आणि वाळू काढायला मनाई. अडचण वाहतुकीचीच होती. ट्रॅक्टर-ट्रॉली ज्याच्याकडे आहे त्याच्या शेतात गाळ पोचला, एकरभर धानवाला बघत राहिला. 2023 मध्ये योजना नव्याने आली तेव्हा अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी एकरी 15 हजार रुपये, जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत, अशी मदत ठरली. या रोजगार सेवकाच्या दृष्टीने ही तरतूद गाळ उपसणाऱ्या यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे, कारण तिने गाळाला 50 मीटरच्या पलीकडे जायची सोय केली. ज्या गावात गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी आधी होते आणि खोदाई मागून सुरू होते, तिथे पाळीवर गाळाचे ढीग उभे राहत नाहीत. यादी मागाहून झाली तर पहिल्या पावसात ढीग वितळतो आणि गाळ पुन्हा तळाला जाऊन बसतो.

काढायचं काय हा प्रश्न खरा अडतो तो पाण्यातल्या वनस्पतींपाशी. काठावर उभ्या माणसाला तलावातलं सगळं हिरवं एकसारखंच दिसतं. एखाद्या उत्साही ठरावात ‘तलावातील सर्व वनस्पती काढणे’ असं लिहून जातं. धिवर मात्र पाण्यात हात घालून सांगतो, हे काढा, हे राहू द्या. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा बुडालेल्या वनस्पतींच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिलं लपतात. कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांखाली पाणी थंड राहतं. काठाच्या चिखलातली कंद धरणारी गवतं पाणपक्ष्यांना खाद्य देतात. उथळ पाण्यात आपसूक उगवणारं देवधान बाया झोडून आणतात, उपासाला त्याला मान असतो. शिंगाड्याचे वेल तर धिवर कुटुंबं मुद्दाम लावतात, त्यावर त्यांचा हिवाळा निघतो. मरळ, मांगूर, शिंगी या गावठी माशांना हा पसारा लागतो. संस्था बाहेरून बीज आणून सोडतात ते रोहू, कतला, मृगळ. ते वाढतात आणि विकले जातात, पण साचलेल्या तलावात आपली वीण वाढवत नाहीत, त्यामुळे बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

या भागात मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी धिवरांना सोबत घेऊन जे काम उभं केलं, त्याचं सगळ्यात मोठं मोल याच ठिकाणी आहे. त्यांनी आधी धिवरांकडून तलाव समजून घेतला. कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, कुठला पक्षी कशावर जगतो, याची माहिती त्या समाजाकडे होतीच. तिची नोंद झाली, आणि नंतर काम झालं. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढली, तलावाच्या पोटातल्या ठरावीक पट्ट्यांत नांगर फिरवला आणि पावसाचं पाणी आल्यावर चांगल्या तलावांतून आणलेल्या वनस्पती तिथे लावल्या. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात हे काम विशेष रुजलं, आणि त्यात धिवर महिला पुढे आल्या. तलावाच्या कामात ‘लावणं’ ही बाब सहसा कुठे नसते. काढलेल्या जागी काही लावलं नाही तर ती जागा पुन्हा बेशरमच घेते, हे ज्यांनी एकदा पाहिलंय त्यांना लावण्याचं महत्त्व पटवावं लागत नाही. या प्रयोगांनंतर त्या तलावांत गावठी मासे पुन्हा मिळू लागले आणि पक्षीही आले.

काढण्याची उलटी तऱ्हा पाहायची तर वैनगंगेवर जावं. या नदीवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरणात पाणी साठू लागल्यावर भंडारा शहरापाशी नदीचा प्रवाह मंदावला. नागपूरचं सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानमार्गे याच पाण्याला मिळते. संथ पाणी आणि त्यात मैल्याचं खत, यावर जलपर्णी पोसली जाते. तिला इथे इकॉर्निया म्हणतात. अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. यंत्र लावून ती काढतात, काठावर ढीग घालतात, बातम्या येतात, पुढच्या हंगामात नदी पुन्हा हिरवी. ती वाढवणारं सांडपाणी वरून येतच राहतं आणि काढणाऱ्याचा त्यावर काहीच ताबा नाही.

रोजगार सेवकाच्या कामात काढण्याचा आणखी एक प्रकार येतो आणि त्याबद्दल बोलताना ते गंभीर होतात. जॉबकार्डावरचं नाव कमी करणं. संगणकावर त्यासाठी कारण निवडावं लागतं : दुहेरी कार्ड, चुकीचं कार्ड, काम करण्यास इच्छुक नाही, कुटुंब कायमचं स्थलांतरित, मृत्यू. 2022-23 या एका वर्षात देशभरात 5 कोटींहून अधिक मजुरांची नावं अशी कमी झाली, हे संसदेत सरकारनेच सांगितलं. धानाची कापणी झाली की भंडाऱ्यातली कितीतरी कुटुंबं काही महिन्यांसाठी बाहेर जातात आणि पुन्हा येतात. ‘कायमचं’ या शब्दाला इथे फार जपावं लागतं. गाळ चुकीच्या जागी टाकला तर पुढच्या उन्हाळ्यात परत उपसता येतो. नाव चुकून गेलं तर त्या बाईला ते कळतं तेव्हा ती टोपली घेऊन कामावर आलेली असते, आणि मस्टरवर तिच्यापुरती ओळच नसते. म्हणून हे रोजगार सेवक नाव कमी करण्याआधी शेजारच्या दोन घरी विचारतात आणि यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावतात. कायद्यालाही पडताळणीशिवाय नाव कमी होणं मान्य नाही.

इतक्या वर्षांच्या कामातून त्यांची एक पद्धत बसली आहे. अंदाजपत्रक हाती आलं की ते तलावावर शिवारफेरी घेतात. सोबत मच्छीमार संस्थेचे दोन सभासद, तुडुमाखालचे शेतकरी आणि तांत्रिक सहायक. ‘रिमूव्ह’ लिहिलेल्या प्रत्येक बाबीसमोर ते मराठीत दोन गोष्टी लिहून घेतात : नेमकं काय काढायचं, आणि ते नेऊन कुठे ठेवायचं. ठेवण्याची जागा ठरत नसेल, तर लीड वाढवून मागतात. वाढीव लीड नेहमी मिळतंच असं नाही. नाही मिळालं तर काम थोडं घेतात, पण पुरं करतात. निम्म्या तलावातली बेशरम मुळासकट जाणं हे सगळ्या तलावातली बेशरम छाटण्यापेक्षा बरं, असं त्यांचं स्पष्ट मत आहे.

पुढच्या वर्षीच्या रोजगार हमीच्या कामांचा आराखडा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायची रीत आहे. त्या वेळी तलाव भरलेला असतो, बेशरम फुलावर असते आणि कुठे काय माजलंय ते डोळ्यांना दिसतं. ज्या गावात मामा तलाव आहे तिथल्या धिवर बायांनी, मच्छीमार संस्थेने आणि धानवाल्यांनी त्या सभेला जावं, तलावाच्या कामाची बाब मोठ्याने वाचून घ्यावी, काढलेला गाळ आणि बेशरम कुठे जाणार हे विचारावं आणि उत्तर ठरावात लिहून घ्यावं. काय काढायचं नाही, तेही त्याच ठरावात लिहावं. उन्हाळ्यात कामावर उभ्या असलेल्या रोजगार सेवकाला त्या ठरावाचाच आधार असतो.